आडवा पाट

१

दुपार कलली की आसाबेआ आजीच्या गल्लीत घराघरांतून मुसळांचे आवाज सुरू व्हायचे. धप्प, चप्. धप्प, चप्. धप्प म्हणजे मुसळ उखळात पडलं आणि चप् म्हणजे शेजारी बसलेल्या बाईने ओल्या हाताने फूफूचा गोळा परतला. उकडलेला कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी एकत्र कुटायची, मऊ गोळा करायचा आणि तिखट रश्शात बुडवून न चावता गिळायचा. अक्राजवळच्या अक्वापेमच्या डोंगरमाथ्यावर ज्याच्या पोटात संध्याकाळी फूफू गेलं नाही तो उपाशीच, मग त्याने दिवसभर काहीही खाल्लेलं असो.

फूफूला माणसं मात्र दोन लागतात. एकाने उभं राहून लांब मुसळाने कुटायचं आणि एकीने उखळापाशी पाटावर बसून दोन घावांच्या मधे हात घालून गोळा परतायचा. कुटणाऱ्याने खाली बघायचं नसतं. खाली बघितलं की हात बिचकतो आणि ताल मोडतो. त्याने मान वर ठेवायची, कान उखळाकडे ठेवायचे आणि चप् ऐकू आलं की मुसळ सोडायचं. बाकी सगळा विश्वासाचा मामला.

आजीच्या घरात माणूस एकच होतं. मुलगा हॅम्बुर्गला, मुलगी अक्राला, आणि नवरा चर्चमागच्या दफनभूमीत. तो गेल्यापासून स्वयंपाकाच्या पडवीतलं उखळ पालथं पडलं होतं. त्यावर कोंबडी बसायची. आजी बाजारातून मक्याचे आंबट केंके आणून खायची आणि शेजारणींना सांगायची की या वयात फूफू पचत नाही. हे साफ खोटं होतं. आजीला दगड पचले असते.

उखळाशेजारी तिचा पाट असायचा. एकाच ओंडक्यातून कोरलेला, मधे जरासा खोलगट, लग्नात आईने दिलेला. त्या मुलखात बसून उठलं की पाट कुशीवर आडवा करून ठेवतात. सरळ पाट दिसला की वाटेने जाणारं कोणीही येऊन बसतं, आणि वाटेने जाणारे सगळेच काही जिवंत नसतात. आजीचा नवरा प्रेस्बिटेरियन चर्चचा धर्मशिक्षक होता. त्याला हे थेर पटायचे नाहीत. तो जाता-येता पाट सरळ करायचा आणि त्याची पाठ वळली की आजी तो पुन्हा आडवा करायची. सगळा संसार असा झाला. तो वारल्यावर वाद मिटला. पाट आडवा राहिला आणि आजी दर रविवारी पांढरी स्वच्छ ओढणी डोक्याला बांधून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत राहिली. देवाला यात काही वावगं वाटत असेल असं तिला कधी वाटलं नाही.

२

तविया तिला सापडली ती परसातला कसावा उपटताना.

पंधरा-सोळा वर्षांची, हाडं वर आलेली पोर. गुडघ्यापर्यंत माती आणि हातात अर्धं मूळ. तिने पळायला हवं होतं. ती पळाली नाही, मूळ छातीशी धरून नुसती बघत राहिली. आजीने तिला ओळखलं. समोरच्या ओपारेची भाची. जुळ्या भावांच्या पाठीवर जन्मलेली म्हणून तविया. आई पावसाळ्यात तापाने गेली, भाऊ कुमासीला गाड्या धुवायला गेले आणि ही मामाच्या गळ्यात पडली. शाळेत मारामारी केली म्हणून शाळेने घरी बसवलं. पण गल्लीत तिचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तिने कुटताना लिडियामामीच्या हातावर मुसळ घातलं होतं. तीन बोटं मोडली. अशी पोर घरात ठेवायची नसते, तिच्यात काहीतरी शिरलंय, असं गल्ली बोलत होती, आणि गल्लीचं तोंड कोण धरणार?

"तो कच्चा खाऊ नकोस," आजी म्हणाली. "पोट फुगून मरशील आणि तुझ्या मामाला तोंड मला दाखवावं लागेल."

"मारणार आहात का?"

"माझे हात दुखतात. कुटता येतं तुला?"

पोरीचा चेहरा बंद झाला. "मी कुटत नाही. परतणारीची बोटं मोडतात."

आजीने आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. संधिवाताने बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. "बघ. ही आधीच वाकडी आहेत. तू त्यांचं आणखी काय वाकडं करणार?"

तविया हसली नाही, पण तिने ते मूळ खाली ठेवलं. मग त्या हातांकडे नीट बघून घेतलं. शेवटी म्हणाली, "कोंबडी उठवावी लागेल."

३

त्या दिवसापासून रोज दुपारी तविया यायची. आल्या आल्या न बोलता चूल पेटवायची, कसावा सोलायची. आजीच बोलायची. नवऱ्याच्या तक्रारी, हॅम्बुर्गच्या थंडीच्या ऐकीव गोष्टी, चर्चमधल्या बायकांची उणीदुणी. गप्प बसणाऱ्या माणसापुढे बोलण्यात एक सुख असतं, आणि आजीला ते फार वर्षांनी मिळत होतं. मग दोघी उखळापाशी जायच्या. पोरीचा हात सुरुवातीला बिचकत होता. पाचव्या-सहाव्या घावाला ती खाली बघायची. आजी म्हणायची, वर बघ, माझा हात कुठेही पळून जात नाही. हळूहळू तिची मान वर राहू लागली आणि गल्लीतल्या आवाजांत आजीच्या घरचाही आवाज मिसळला.

कधी कधी कुटताना तविया एक ओळ गुणगुणायची. स्तोत्र नव्हतं ते, पोराला न्हाऊ घालताना आया म्हणतात तसलं काहीतरी. आजीने विचारलं, कोणाचं गं? "आईचं," एवढंच म्हणून तिने मुसळ उचललं.

आजीला बरं वाटत होतं. इतकं बरं, की तिला त्याची थोडी लाजच वाटायची.

अशाच एका दुपारी जेवणं आटोपली. आजीने उखळ धुतलं, पाट कुशीवर आडवा केला आणि ती जरा पडायला आत गेली. तविया तोवर मामाकडे परतली होती. पडून उठल्यावर आजी कोंबडीला दाणे टाकायला पडवीत आली, तर पाट सरळ होता.

आपण विसरलो, असं ती स्वतःला म्हणाली. म्हातारपणी माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, तिथे पाटाचं काय. तिने तो आडवा केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता मात्र तिला आठवत होतं. आडवा करताना पाटाची कड पायाच्या करंगळीवर पडली होती आणि करंगळी अजून ठणकत होती. ही तवियाच असणार, मागून येऊन गेली असेल, ती मनात म्हणाली. हल्लीच्या पोरांना कुठे काय माहीत असतं? मेलेल्या नवऱ्याची खोड या कार्टीत कशी आली म्हणून तिला हसूही आलं. पाट आडवा करायला तिने तो उचलला आणि तिचा हात खोलगट भागाला लागला.

लाकूड कोमट होतं.

पडवीत ऊन येत नव्हतं. चूल विझून गार पडली होती. मघाशी आपणच बसलो होतो त्याची ऊब असेल, तिने हिशेब मांडला. लाकूड धरून ठेवतं ऊब. मधे झोप काढून झाली होती हे तिने त्या हिशेबात धरलं नाही.

४

हरमाटनचा कोरडा वारा सुटला आणि आजीची कंबर धरली. पाटावर बसणं तर सोडाच, खाटेवरून उठताना तिला बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा तिन्ही एकदम आठवत. तविया म्हणाली, तुम्ही पडा, मी एकटी कुटते.

एकट्याने कुटता येतं, नाही असं नाही. दोन घाव घालायचे, वाकायचं, गोळा परतायचा, पुन्हा सरळ व्हायचं. रडतखडत काम होतं आणि फूफूत गाठी राहतात. आजी खाटेवर पडून ऐकू लागली. धप्प. मग बराच वेळ काही नाही. धप्प. तिला पोरीची कीव आली आणि तिचा डोळा लागला.

ती जागी झाली तेव्हा आवाज चालू होता. धप्प, चप्. धप्प, चप्. जलद, एकसारखा.

शेजारच्यांचं असणार. त्या गल्लीत घराला घर लागून, भिंती पातळ, आवाज कुठला कुठे येतो. असं म्हणून ती कुशीवर वळली. पण कान भिंतीकडे नव्हता, दाराकडे होता, आणि आवाज दारातून येत होता. वर त्या आवाजात ती न्हाऊ घालायची ओळ मिसळलेली होती. तविया गुणगुणत होती आणि ओळ संपते तिथे, श्वास घ्यायच्या जागी, ओळ तुटत नव्हती.

आजीने हाक मारली. आवाज थांबला. तविया दारात आली, कपाळावर घाम.

"कोण आहे गं तिकडे?"

"कोण असणार? मीच आहे."

तिचे हात कोरडे होते. गोळा परतणाऱ्याचे हात मनगटापर्यंत ओले असतात. आजीने ते बघितलं आणि कंबर जास्त दुखतेय असं म्हणून डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी फूफू लोण्यासारखं मऊ होतं. गाठ नावाला नव्हती. आजीने दोन घास गिळले आणि ताटली बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला फूफू पचलं नाही.

मग कंबर बरी झाली, पण आजीने ते कोणाला सांगितलं नाही. ती पडून राहायची. दुपारी आवाज सुरू झाला की उशी कानावर घ्यायची आणि शेजारच्यांचं, शेजारच्यांचं, असं जपमाळेसारखं म्हणत राहायची.

५

गुरुवारी ओपारे आला. त्या गावात पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय कशासाठी आलास असं विचारत नाहीत. आजीने पाणी दिलं, त्याने पेला रिकामा केला, मग तिने विचारलं.

तो काही वाईट माणूस नव्हता. बायको आणि गल्ली यांच्यामधे सापडलेला माणूस होता. म्हणाला, शनिवारी तवियाला डोंगराखालच्या प्रार्थनेच्या छावणीत सोडायचं ठरलंय. आजीला ती छावणी माहीत होती. तिथे माणसाच्या अंगातलं उतरवतात, म्हणजे झाडाला साखळीने बांधतात आणि अंगातलं उपाशी मरेपर्यंत माणसालाही उपाशी ठेवतात. चर्चमधल्या एका बाईचा मुलगा तिथून परत आला होता. तो आता कोणाशी बोलत नाही.

"पोरगी आहे ती, ओपारे. बहिणीची आहे तुझ्या."

"मला कळतं, आजी. पण लिडिया म्हणते, एक तर ती घरात राहील नाहीतर मी." त्याने टोपी हातात फिरवली. "तुमच्या शब्दाला गल्लीत वजन आहे. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणा, पोरीत काही नाही. लिडियासमोर म्हणा. मग कोणाची टाप नाही बोलायची. आणि तुम्हाला नाही तर कोणाला माहीत असणार? रोज तिच्या मुसळाखाली हात घालता. ऐकतो ना आम्ही समोरून. मी लिडियाला म्हटलंही, म्हातारीचा हात या वयात काय जलद चालतो. आठवडाभरात एकदाही ताल चुकला नाही."

आजीने रिकामा पेला उचलून ठेवला. आठवडाभर ती खाटेवर होती.

शेजारच्यांचं, असं म्हणायची सोय ओपारेने काढून घेतली होती. ती भिंत धरून दारापर्यंत त्याला पोचवायला गेली, आणि त्याला वाटलं कंबर धरलीय.

६

आता आजीपुढे खरा पेच उभा राहिला. ती खोटी शपथ घेणारी बाई नव्हती. फूफू पचत नाही हे वेगळं आणि छातीवर हात ठेवून बोलायचं हे वेगळं. पोरीत काही नसेल तर पाट कोण सरळ करतं? आणि असेल, तर छातीवर हात ठेवायचा कसा? नाही ठेवला तर शनिवारी साखळी.

शुक्रवारी तिने पाट उचलला, कोळशाच्या पोत्यामागे आडवा कोंबला आणि वर जड पातेलं ठेवलं. मग खोलीच्या दारात बायबल घेऊन बसली. तिथून पोतं दिसत होतं. ती एक सबंध अध्याय वाचेपर्यंत काही झालं नाही. कोंबडीच्या पिसासारखं मन हलकं झालं तिचं. पान उलटायला तिने बोटाला थुंकी लावली आणि वर बघितलं. पातेलं जमिनीवर होतं, झाकणासकट, नीट. पाट उखळापाशी होता. सरळ.

काहीही आपटल्याचा आवाज झाला नव्हता. कोणीतरी घर झोपलेलं असताना करतं तसं जपून ते केलं होतं.

तविया आली तेव्हा आजी तशीच बसलेली होती. तिने पोरीला जवळ बसवलं.

"पाट कोण सरळ करतं, तविया?"

पोरीने पाटाकडे बघितलं, मग आजीकडे. "मला वाटायचं तुम्हीच करता. मी येईन म्हणून."

खोटं बोलणारा माणूस आजीला लगेच कळायचा. नवरा धर्मशिक्षक, दर रविवारी गावभरचे कबुलीजबाब घरी यायचे. ही पोर खोटं बोलत नव्हती.

"लिडियामामीच्या हाताचं सांग मला."

तवियाने नख कुरतडलं. मग म्हणाली, "माझी मान वर होती. खालून चप् ऐकू आलं. परतून झालं म्हणून मी मुसळ सोडलं." तिने उखळाकडे बोट केलं. "चप् झालं होतं, आजी. मी देवाशप्पथ सांगते. मग मामीचा हात आत कसा होता?"

"मामी त्या दिवशी रागावली होती तुझ्यावर?"

"सकाळी मारलं होतं. पळीने. त्याच हाताने." आणि ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "मला छावणीत नको पाठवू ना गं."

ती पहिल्यांदाच आजीला 'तू' म्हणाली होती. आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला. डोळे मात्र उखळाकडे होते. ते जे कोणी बसत होतं त्याला बोटं मोडताही येत होती.

७

शनिवारी दोघं आली. ओपारे आणि लिडियामामी. मामीचा उजवा हात फडक्यात बांधलेला, गळ्यात अडकवलेला. पाणी झालं, विचारपूस झाली. तविया चुलीपाशी उभी होती. तिचे कपडे एका पिशवीत बांधून मामाने बरोबरच आणले होते.

आजीने रात्रभर विचार करून ठरवलं होतं की खरं तेवढंच बोलायचं: मला माहीत नाही. पण पिशवीकडे बघितल्यावर तिच्या तोंडातून तेही निघेना.

लिडियामामी म्हणाली, "आजी, तुम्ही मोठ्या आहात, मी उलटून बोलत नाही. पण पोरीत काही नाही असंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग बसा पाटावर. आमच्यादेखत. कुटू दे तिला."

तविया म्हणाली, "नको. मी जाते छावणीत." तिला आजीची बोटं मोडायची नव्हती, हे सगळ्यांना कळलं. मामीलाही कळलं असावं, कारण तिने मान वळवली.

आजी उठली. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी उखळ बघितलेलं नसतं. ती भ्यायली होती. कसावा उकडून तयार होता. पाट सरळ होता. ती त्याच्यासमोर क्षणभर उभी राहिली, पाहुण्यांना दिसेल न दिसेल एवढी मान लववली, जणू जागा मागितली, आणि बसली.

पाट कोमट होता.

"वर बघ," ती तवियाला म्हणाली. "माझा हात कुठेही पळून जात नाही."

धप्प. आजीने हात ओला करून गोळा परतला. चप्. धप्प, चप्. पोरीचा चेहरा आढ्याकडे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिले काही घाव नीट गेले. मग फूफू चिकट होऊ लागलं, आणि आजीची बोटं आठवडाभर काम सोडून बसलेली. गोळा उलटताना तिचा अंगठा त्यात रुतला. तिने ओढला, निघाला नाही. वर मुसळ उचललं गेलेलं तिला जाणवलं. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही.

आणि चप् झालं.

तिने केलं नव्हतं. तिचा अंगठा अजून पिठात होता. तवियाने चप् ऐकलं आणि मुसळ सोडलं.

तेवढ्यात आजीच्या कोपराखालून एक हात पुढे आला. मनगटापर्यंत ओला, नखांत पीठ अडकलेलं, कामाने रापलेल्या बाईचा हात. चुलीकडे सरकणाऱ्या लेकराचा हात आई बाजूला करते तसा त्याने आजीचा हात धरला, अंगठा सोडवला, कडेला ठेवला. मुसळ खाली आलं. पुढच्या घावाला गोळा आपोआप उलटला. चप्. आजीच्या उजव्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागत होता, एकाच पाटावर दोघींनी बसल्यावर लागतो तसा. कानाशी ती न्हाऊ घालायची ओळ चालू होती, श्वासाएवढ्या आवाजात.

मान वळवली असती तर दिसलं असतं. आजीने मान वळवली नाही. तिने समोर बघितलं.

समोर लिडियामामी बसली होती. ती आजीकडे बघत नव्हती. आजीच्या उजवीकडे, जरा वर, जिथे बसलेल्या बाईचा चेहरा असतो तिथे बघत होती. तिने फडक्यातला हात छातीशी घट्ट धरला होता आणि तिचे ओठ हलत होते. ओपारेला मात्र काहीच दिसलं नाही. तो खुशीत होता. म्हणाला, "जमतं की छान."

मुसळ थांबलं. तवियाने घाबरत खाली बघितलं. आजीची दहाही बोटं जागेवर होती, होती तेवढीच वाकडी.

आजीने ओला हात छातीवर ठेवला. "पोरीत काही नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात कापला नाही. कारण हे खरं होतं. पोरीत काही नव्हतं. जे होतं ते पोरीच्या जवळ होतं.

ओपारेने बायकोकडे बघितलं. लिडियामामी उठली होती. "राहू दे तिला इथेच," ती पटकन म्हणाली. "आजींना सोबत होईल." दारापाशी ती थांबली, परत वळली, आणि तवियाकडे नाही, रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाली, "मी परत हात नाही उगारणार." मग नवऱ्याच्या आधी रस्ता ओलांडून गेली.

कपड्यांची पिशवी तिथेच राहिली. आजी खाली जमिनीवर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग म्हणाली की रस्सा गार होतोय. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. इतकी भूक तिला फार वर्षांत लागली नव्हती.

८

आता तविया आजीकडेच राहते. शाळेत जाते, अधूनमधून भांडून येते आणि बोलणी खाते. चर्चमध्ये पहिल्या बाकावर जांभया देते. लिडियामामी सणाला सुकी मासळी पाठवते, स्वतः मात्र येत नाही.

आजीने सुताराकडून दुसरा पाट करून घेतला. तो उखळाच्या या बाजूला असतो. जुना त्या बाजूला, सरळ. रविवारी चर्चहून आल्यावर ती त्यावरची धूळ ओढणीने पुसते. नवऱ्याला शेवटी हवं ते मिळालं, असं ती म्हणते, त्याच्या कारणाने नाही ते जाऊ दे. तवियाच्या आईचे हात कसे होते हे तिने पोरीला विचारलेलं नाही. कधी कधी जिभेवर येतं. मग ती पोरीला रश्शात मीठ बरोबर आहे का ते विचारते.

हॅम्बुर्गहून मुलाचा फोन आला तेव्हा मागे धप्प, चप् चालू होतं. त्याने विचारलं, आई, हा कसला आवाज? कोण आलंय घरी? आजी म्हणाली, घरात माणसं आहेत. आणि तिला ते वाक्य इतकं आवडलं की तिने पुन्हा एकदा म्हटलं.

परवा उखळ धुताना तविया आजीचा नवा पाट आडवा करायला लागली. सवयीने, आजीनेच शिकवलं होतं.

"आज कर," आजी म्हणाली. "पण मी गेल्यावर माझा पाट आडवा करू नकोस."

तवियाने पाट हातात तसाच धरला. मग म्हणाली, "दोन्ही पाटांवर तुम्ही दोघी बसलात तर मी कुठे बसू?"

"तू कशाला बसतेस?" आजी म्हणाली. "तुला कुटायचंय."